यीस्ट कोशिकांचे शुष्कन व पुनर्जलीकरण

यीस्ट हे कवकांच्या (बुरशीच्या) गटातील एककोशिक सूक्ष्मजीव होत. त्यांच्या कोशिकेतील बहुतेक सर्व पाणी काढून घेतले असता तिचा चयापचय (सजीवात सतत चालणाऱ्या रासायनिक व भौतिक घडामोडी) थांबतो. मात्र पूर्वतयारी झालेली कोशिका त्यामुळे मरत नाही. महिनोन्‌महिने कोरड्या भुकटीच्या रूपात राहून पुन्हा पाणी मिळताच ती काही मिनिटांत कार्यक्षम होते. पाणी काढून घेण्याच्या क्रियेस शुष्कन, ते परत देण्याच्या क्रियेस पुनर्जलीकरण व या दोहोंमधील निष्क्रिय परंतु सजीव अवस्थेस निर्जल सुप्तजीवन म्हणतात. पाव, मद्य व अल्कोहॉल यांच्या उत्पादनात सर्वाधिक वापरले जाणारे सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी हे यीस्ट या गुणधर्माचे उत्तम उदाहरण असून प्रस्तुत नोंदीतील विवेचन मुख्यतः त्याच्यासंबंधी आहे.

या यीस्टची कोशिका गोल अथवा लंबगोल असून तिचा व्यास सु. ५ ते १० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मीटरचा दहा लक्षांश भाग) असतो. दाबून वडीच्या रूपात विकल्या जाणाऱ्या ताज्या यीस्टमध्ये सु. ७०% पाणी असते. दाणेदार क्रियाशील कोरड्या यीस्टमध्ये ते ६ ते ८% आणि बारीक शेवयांच्या तुकड्यांसारख्या दिसणाऱ्या तत्काळ यीस्टमध्ये ४ ते ६% एवढेच उरते. अशा १ ग्रॅम यीस्टमध्ये १,००० कोटींहून अधिक कोशिका असतात. त्यांपैकी किती कोशिका पुनर्जलीकरणानंतर जिवंत निघतील, यावर भट्टीतील पाव फुगणे किंवा न फुगणे अवलंबून असते.

पार्श्वभूमी : कोकण किनाऱ्यावर पावाचा प्रसार पोर्तुगीजांमुळे झाला व ‘पाव’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतून मराठीत आला. वसई व साष्टी हा प्रदेश १५३४ ते १७३९ या काळात त्यांच्या अंमलाखाली होता. साष्टीच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीलगत आज मीरा-भाईंदर हे दाट वस्तीचे शहर आहे. या किनारपट्टीत व गोव्यात पीठ आंबविण्यासाठी माडाची अथवा ताडाची ताडी वापरीत. ताडीत नैसर्गिक रीत्या वाढणारे यीस्ट तीमधील साखरेचे किण्वन करून कार्बन डाय-ऑक्साइड वायू निर्माण करते व त्या वायूमुळे पीठ फुगते. तथापि ताडी ताजीच वापरावी लागते. एका दिवसात ती आंबट होऊ लागते. दुसरी पद्धत म्हणजे आदल्या दिवशीच्या मळलेल्या पिठाचा गोळा राखून तो नव्या पिठात मिसळणे. ताडी, राखलेला गोळा आणि नंतर आलेली यीस्टची ओली वडी या तिन्हींची अडचण एकच होती : त्यांतील यीस्ट ओले, म्हणून क्रियाशील व म्हणूनच नाशवंत असे. ओली वडी शीतपेटीतही काही आठवडेच टिकते. कोरड्या यीस्टमुळे ही अडचण दूर झाली. शांती नगरसारख्या मीरा रोडच्या वसाहतीतील किराणा दुकानातही आज यीस्टची लहान पाकिटे मिळू शकतात, ती कोशिकेच्या या सहनशक्तीमुळेच.

यीस्ट सुकवून ठेवण्याची कल्पना मात्र नवी नाही. सिक्कीम, दार्जिलिंग व नेपाळ येथे तांदळाच्या पिठात वनस्पतींचे भाग व जुने विरजण मिसळून ‘मर्चा’ नावाच्या चपट्या वड्या करतात आणि त्या सुकवून ठेवतात. मणिपूरमध्ये अशा वड्यांना ‘हामेई’ म्हणतात. त्यांत यीस्ट, बुरशी व लॅक्टिक अम्ल तयार करणारे जीवाणू एकत्र असतात व धान्यापासून मद्य करताना ते पुन्हा क्रियाशील होतात.

इतिहास : डच सूक्ष्मदर्शक-निरीक्षक आंतोन व्हान लेव्हेनहूक यांनी १६८० मध्ये बिअरमधील यीस्टचे गोलक पाहिले. घराच्या छपराच्या पन्हळीत साठलेल्या कोरड्या धुळीवर पाणी घातले असता तीत सूक्ष्म प्राणी हालचाल करू लागतात, असेही त्यांना १७०२ मध्ये आढळले. यीस्ट सजीव आहे ही गोष्ट १८३७ च्या सुमारास शार्ल कान्यार द ला तूर, टेओडोर श्व्हान व फ्रीड्रिख क्यूट्सिंग यांनी स्वतंत्रपणे दाखविली. पूर्ण कोरडा झालेला जीव सजीव म्हणावा की निर्जीव, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड कीलिन यांनी १९५९ मध्ये या विषयाचा आढावा घेऊन, ज्या अवस्थेत जीवनाची कोणतीही दृश्य लक्षणे नसतात व चयापचय जवळजवळ थांबलेला असतो तिला ‘गुप्तजीवन’ अशा अर्थाची संज्ञा दिली. अशा अवस्थेत जीवन हे चालू असलेल्या क्रियांत नसून कोशिकेच्या अबाधित राहिलेल्या संरचनेत असते, हा विचार त्यामुळे रूढ झाला. संरचना टिकली तर क्रिया पुन्हा सुरू होऊ शकतात. ती भंगली तर पाणी देऊनही उपयोग होत नाही.

व्यावहारिक बाजूने पाहता, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सैन्याच्या गरजेसाठी शीतपेटीशिवाय टिकणारे क्रियाशील कोरडे यीस्ट तयार करण्यात आले. पाण्यात आधी न भिजविता थेट पिठात मिसळता येणारे तत्काळ यीस्ट १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आले.

कोशिकेतील पाण्याचे कार्य : पाणी हे कोशिकेतील पदार्थांचे केवळ माध्यम नव्हे, कोशिकेची रचना उभी राहण्यातही त्याचा वाटा असतो. कोशिकेभोवतीचे पटल वसारेणूंच्या (स्निग्ध पदार्थांच्या रेणूंच्या) दोन थरांचे बनलेले असते. प्रत्येक रेणूचे पाण्याला आकर्षून घेणारे डोके बाहेरच्या बाजूस व पाणी टाळणाऱ्या शेपट्या आतील बाजूस असतात. डोक्यांभोवती हायड्रोजन बंधांनी जखडलेले पाण्याचे रेणू असल्यामुळे ती एकमेकांपासून ठराविक अंतरावर राहतात व पटल तरल राहते. प्रथिनांच्या बाबतीतही असेच असते. प्रथिनाच्या लांब साखळीची विशिष्ट घडी पाण्याच्या सान्निध्यात स्थिर राहते व त्या घडीवरच त्याचे कार्य अवलंबून असते. पाणी काढून घेणे म्हणजे या दोन्ही रचनांचा आधार काढून घेणे होय.

हवेतील अथवा पदार्थातील पाणी सजीवाला कितपत उपलब्ध आहे, हे सापेक्ष आर्द्रतेवरून कळते. भाईंदरच्या मिठागरांत खारे पाणी आटत जाऊन संपृक्त होते, तेव्हा त्याच्याशी समतोल असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता सु. ७५% असते. पावाच्या यीस्टची वाढ समतोल आर्द्रता ९०% च्या आसपास येताच थांबते. म्हणजे संपृक्त मिठाच्या पाण्यात ते वाढू शकत नाही. कोरड्या यीस्टमध्ये पाण्याची उपलब्धता त्याहूनही कितीतरी कमी असते. तीत वाढ तर नाहीच, पण एंझाइमांच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या) विक्रियाही चालू शकत नाहीत.

शुष्कनामुळे होणारी हानी : पाणी कमी होऊ लागताच कोशिका आकसते. यीस्टची कोशिकाभित्ती लवचिक असल्यामुळे ती पटलाबरोबर आत येते व आकारमान पुष्कळच घटते. पटलाचे क्षेत्रफळ मात्र तेवढेच राहते. त्यामुळे त्याला सुरकुत्या व आत वळलेल्या घड्या पडतात. या घड्या पटलाला जोडलेल्याच राहिल्या, तर पाणी मिळाल्यावर त्या उलगडतात. त्या तुटून कोशिकेच्या आत वेगळ्या पडल्या, तर पुनर्जलीकरणाच्या वेळी फुगणाऱ्या कोशिकेला पटल अपुरे पडते व ती फुटते. म्हणून कोशिका मरते ती पुष्कळदा सुकताना नव्हे, तर भिजताना.

दुसरी हानी पटलाच्या अवस्थेशी निगडित आहे. पाण्याचे रेणू निघून गेले की, वसारेणूंची डोकी एकमेकांना चिकटू लागतात, शेपट्या दाटीने रचल्या जातात आणि तरल पटल घट्ट बनते. हा बदल ज्या तापमानास होतो, ते शुष्कनामुळे पुष्कळच वाढते. प्रयोगशाळेत नेहमी अभ्यासल्या जाणाऱ्या एका फॉस्फोवसेच्या बाबतीत ते पाण्यात ४१° से. असते, तर पूर्ण कोरड्या स्थितीत १००° से. पेक्षा अधिक होते. तूप थंडीत थिजते त्याप्रमाणे येथे तापमान न उतरताही केवळ पाणी गेल्यामुळे पटल थिजते. थिजलेले पटल पाणी मिळाल्यावर पुन्हा तरल होत असताना त्यात क्षणिक फटी पडतात व कोशिकेतील पदार्थ बाहेर गळतात.

तिसरी हानी प्रथिनांची होते. पाणी गेल्यावर प्रथिनांच्या घड्या उलगडतात, गर्दीमुळे ती एकमेकांना चिकटतात व त्यांच्या गुठळ्या होतात. चौथी हानी ऑक्सिडीकरणामुळे होते. कोरड्या कोशिकेत दुरुस्तीची यंत्रणा थांबलेली असते. हवेतील ऑक्सिजनाचा मारा मात्र चालूच राहतो व त्यामुळे वसा, प्रथिने आणि जननिक द्रव्य यांत हळूहळू बिघाड साचत जातो.

कोशिकेची पूर्वतयारी : सर्व यीस्ट कोशिका सारख्याच सहनशील नसतात. भरपूर साखरेत झपाट्याने विभागत असलेल्या कोशिका सुकविल्या, तर दहा लाखांत एखादीच वाचते. अन्न संपल्यामुळे वाढ थांबलेल्या स्थिर अवस्थेतील कोशिकांपैकी मात्र मोठा भाग जिवंत राहतो. म्हणजे सहनशीलता ही यीस्टला सदैव लाभलेली देणगी नसून उपासमारीच्या काळात कोशिका तिची उभारणी करते. साखर संपत आली की, कोशिका किण्वनाकडून श्वसनाकडे वळते, विभाजन थांबविते, कोशिकाभित्ती जाड करते, राखीव पदार्थ साठविते व संरक्षक प्रथिने तयार करते. अमेरिकेतील बर्कली येथे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जननिक अभ्यासात, ही अवस्था पूर्णपणे येण्यास श्वसन आवश्यक असते, असे दिसून आले. निसर्गात फळांच्या सालीवर, झाडांच्या खोडांवर व मातीत राहणाऱ्या यीस्टला ओल व कोरड यांच्या पाळ्या सतत सोसाव्या लागतात. उपासमारीची चाहूल लागताच कोरडीचीही तयारी ठेवणे त्याला हितावह ठरले असावे.

नायट्रोजनयुक्त अन्नाचा अभाव असताना यीस्टच्या द्विगुणित कोशिकेत (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या कोशिकेत) चार बीजुके तयार होतात. ती जाड आवरणाची असून कोरड व उष्णता आणखी चांगली सहन करतात. बाजारातील कोरडे यीस्ट मात्र बीजुकांचे नव्हे, तर सामान्य शाकीय कोशिकांचे असते.

ट्रेहॅलोज : सहनशील कोशिकेत आढळणारा सर्वांत लक्षणीय पदार्थ म्हणजे ट्रेहॅलोज ही शर्करा होय. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विगर्स यांना ती १८३२ मध्ये राय धान्यावरील अरगट या बुरशीत आढळली. ग्लुकोजाचे दोन रेणू जोडले जाऊन तिचा रेणू बनतो. ही जोडणी दोन्ही रेणूंच्या क्रियाशील टोकांमध्ये होत असल्याने ट्रेहॅलोज रासायनिक दृष्ट्या निरुपद्रवी असते. ग्लुकोज प्रथिनांशी विक्रिया करून त्यांना तपकिरी व निकामी करते, तशी विक्रिया ट्रेहॅलोज करीत नाही. चांगल्या कोरड्या यीस्टमध्ये तिचे प्रमाण कोरड्या वजनाच्या १५% किंवा त्याहूनही अधिक असू शकते.

ट्रेहॅलोजच्या कार्याविषयी दोन मते असून ती परस्परपूरक आहेत. पहिल्या मतानुसार ट्रेहॅलोजचे रेणू पाण्याची जागा घेतात. पाणी निघून जात असताना ते वसारेणूंच्या डोक्यांशी व प्रथिनांच्या पृष्ठभागाशी हायड्रोजन बंध जोडतात. त्यामुळे पटल थिजत नाही व प्रथिने उलगडत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील जॉन क्रो व लोइस क्रो यांनी १९८४ मध्ये डेनिस चॅपमन यांच्या सहकार्याने या कल्पनेस प्रायोगिक आधार दिला. १९९४ मध्ये कोरड्या यीस्टमधील पटलांचे अवस्थांतर-तापमानही ट्रेहॅलोजमुळे खाली येते, असे दाखविण्यात आले. यासाठी ती पटलाच्या आतील व बाहेरील अशा दोन्ही बाजूंस असावी लागते. कोशिकेत तयार झालेली ट्रेहॅलोज बाहेर नेणारी वाहक प्रथिने हे काम करतात.

दुसऱ्या मतानुसार ट्रेहॅलोजचा दाट विद्राव सुकताना स्फटिकरूप न होता काचेसारखा घन बनतो. साखरेचा पाक घट्ट करून केलेल्या पारदर्शक गोळीत रेणू जसे अव्यवस्थित परंतु जागच्या जागी गोठलेले असतात, तशीच ही स्थिती असते. कोशिकाद्रव्य असे काचरूप झाले की, त्यातील रेणू हलू शकत नाहीत. म्हणून प्रथिनांच्या गुठळ्या होत नाहीत व विघटनाच्या विक्रियाही अतिशय मंदावतात. निर्जल ट्रेहॅलोजची काच १००° से. पेक्षा अधिक तापमानापर्यंत घट्ट राहते. मात्र पाण्याचा थोडा अंश मिसळताच हे तापमान झपाट्याने खाली येते.

प्रथिने व इतर घटक : केवळ ट्रेहॅलोजनेच सर्व उलगडा होत नाही. ती तयार करणारे जनुक काढून टाकलेली यीस्टची उत्परिवर्तित वाणेही अल्पकाळ कोरडी राहून जिवंत निघतात. दीर्घकाळ ठेवली असता मात्र ती मरतात, असे बर्कली येथील डग्लस कॉशलंड यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखविले. याच गटाने २०१५ मध्ये वाढत्या अवस्थेतील कोशिकांत ट्रेहॅलोजचे प्रमाण कृत्रिम रीत्या वाढवून त्यांना सहनशील बनविले. २०१८ मध्ये एचएसपी १२ हे लहान प्रथिन व ट्रेहॅलोज यांच्या संयुक्त क्रियेने कोशिका तीव्र शुष्कन सहन करते, असे आढळले. या प्रथिनाला पाण्यात ठराविक घडी नसते. एचएसपी १०४ हे दुसरे प्रथिन चिकटलेल्या प्रथिनांच्या गुठळ्या सोडविण्याचे काम करते.

पटलातील एर्गोस्टेरॉल हा घटकही महत्त्वाचा आहे. तो पटलाला लवचिक ठेवतो व सुरकुत्या पडताना ते फाटू देत नाही. फ्रान्समधील दीझाँ येथे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, एर्गोस्टेरॉलऐवजी त्याची पूर्वगामी संयुगे असलेली यीस्टची वाणे सुकणे व भिजणे यांच्या फेऱ्यांत अधिक प्रमाणात मरतात, असे दिसले. ग्लुटाथायोनासारखी संयुगे व कॅटॅलेजासारखी एंझाइमे ऑक्सिडीकरणापासून संरक्षण करतात.

कोरड्या यीस्टचे उत्पादन : कोशिकेच्या पूर्वतयारीचे हे ज्ञान कारखान्यात उपयोगात आणले जाते. यीस्टचे मुख्य खाद्य म्हणजे साखर कारखान्यांतील मळी होय. ऊस पिकविणाऱ्या महाराष्ट्रात ती विपुल उपलब्ध असते. भरपूर हवा खेळविलेल्या टाक्यांत मळी थोडीथोडी सोडून यीस्ट वाढवितात. साखर एकदम दिल्यास यीस्ट वाढण्याऐवजी अल्कोहॉल बनविते. शेवटच्या टप्प्यात नायट्रोजनयुक्त अन्न बंद करतात व साखरेचा पुरवठा कमी करतात. त्यामुळे अर्धवट वाढलेल्या कलिका पूर्ण होतात, नव्या येत नाहीत व कोशिकांत ट्रेहॅलोज साठते. कलिका धरलेल्या कोशिका शुष्कनात अधिक मरत असल्याने हा टप्पा निर्णायक असतो.

नंतर केंद्रोत्सारक यंत्राने (वेगाने फिरवून जड कण वेगळे करणाऱ्या यंत्राने) यीस्ट वेगळे करून धुतात, निर्वात गाळणीवर त्यातील पाणी कमी करतात व भिजलेला लगदा जाळीतून दाबून शेवयांसारखे धागे पाडतात. लगद्यात सॉर्बिटन मोनोस्टिअरेट हे पायसीकारक (तेल व पाणी एकजीव ठेवणारे द्रव्य) सु. १% मिसळतात. ते अतिशुष्कन टाळते व पुढे पाणी शोषले जाण्यास मदत करते. धागे गरम हवेच्या झोतात तरंगत ठेवून सुकवितात. यीस्टचे स्वतःचे तापमान ४०° से. च्या आत ठेवावे लागते. सुरुवातीस बाष्पीभवनामुळे ते आपोआप थंड राहते. म्हणून प्रथम अधिक व शेवटी कमी तापमानाची हवा सोडतात. तत्काळ यीस्ट तासाभराच्या आत सुकते. जुन्या पद्धतीच्या दाणेदार यीस्टला कित्येक तास लागतात व त्यात मृत कोशिकांचे प्रमाण अधिक असते.

साठवण : निर्वात पाकिटातील तत्काळ यीस्ट सर्वसाधारण तापमानास सु. दोन वर्षे टिकते. पाकीट उघडल्यावर ऑक्सिजन व ओल हे दोन्ही शत्रू एकदम आत येतात. मीरा-भाईंदर व मुंबई परिसरात जुलै-ऑगस्टमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता बहुधा ८०% च्या वर असते. ती मिठाच्या ७५% या मर्यादेपेक्षा अधिक असल्याने पावसाळ्यात उघडे मीठ पाणी सुटून पाझरू लागते. त्याच हवेत उघडे ठेवलेले यीस्टही ओल शोषते. ते ओले दिसण्यापूर्वीच कोशिकेतील काच मऊ पडते, रेणू हलू लागतात व विघटन सुरू होते. एंझाइमे अंशतः जागी होतात, परंतु वाढ व दुरुस्ती होण्याइतके पाणी नसते. कोरडी व पूर्ण ओली या दोन्ही अवस्थांपेक्षा ही मधली अवस्था अधिक घातक ठरते. म्हणून उघडलेले यीस्ट घट्ट झाकणाच्या डब्यात, शीतपेटीत ठेवून काही आठवड्यांत संपविणे इष्ट असते. थंड डबा दमट हवेत उघडा ठेवल्यास आत दव जमते. तेव्हा हवे तेवढे यीस्ट घेऊन डबा लगेच बंद करावा लागतो. पाव करणाऱ्याच्या दृष्टीने हे किरकोळ नसते. पहाटेच्या भट्टीसाठी रात्री मळलेले सर्व पीठ त्या एका डब्यातील यीस्टवर अवलंबून असते.

पुनर्जलीकरण : कोरडी कोशिका पाण्यात पडताच काही सेकंदांतच फुगू लागते. या थोड्या काळात पटल थिजलेल्या अवस्थेतून तरल अवस्थेत जाते आणि तेव्हाचे तापमान निर्णायक असते. पाणी सु. ३५ ते ४०° से. असेल, तर पटल भिजण्यापूर्वीच पुष्कळसे तरल झालेले असते. त्यामुळे गळती कमी होते. १५° से. किंवा त्याहून थंड पाण्यात अवस्थांतर भिजत असतानाच होते, कोशिकेतील क्षार, न्यूक्लिओटाइडे व ग्लुटाथायोन बाहेर पडतात आणि अनेक कोशिका मरतात. बाहेर पडलेले ग्लुटाथायोन पिठातील ग्लुटेन या प्रथिनाचे बंध तोडते. परिणामी पीठ सैल व चिकट होते. पाणी ५०° से. च्या वर गेल्यास कोशिका उष्णतेनेच मरू लागतात. बोट सोसेल इतके कोमट पाणी घ्यावे, हा व्यवहारातील नियम या दोन टोकांमधील मार्ग दाखवितो.

दाणेदार यीस्ट त्याच्या वजनाच्या सु. ५ ते १० पट कोमट पाण्यात शिंपडून १० ते १५ मिनिटे भिजू देतात. त्यात मीठ घालीत नाहीत. कारण मिठामुळे तर्षणदाब (पातळ विद्रावातील पाणी पटलातून दाट विद्रावात ओढणारा दाब) वाढून कोशिकेला पाणी मिळणे कठीण होते. तत्काळ यीस्टचे कण सच्छिद्र असल्याने व पिठात त्यांना पाणी सावकाश मिळत असल्याने ते आधी भिजविण्याची गरज नसते. मात्र बर्फाच्या पाण्याशी त्यांचा थेट संपर्क टाळावा लागतो. नाशिक परिसरातील द्राक्षमद्याच्या उद्योगातही कोरडे यीस्ट वापरतात. तेथे द्राक्षांचा हंगाम थंडीच्या दिवसांत सुरू होतो व रस थंड ठेवलेला असतो. अशा रसात कोमट पाण्यात भिजविलेले यीस्ट एकदम ओतल्यास त्यास धक्का बसतो. म्हणून त्यात थोडाथोडा रस मिसळून दोहोंच्या तापमानांतील फरक सु. १०° से. च्या आत आणतात.

पाणी मिळाल्यावर कोशिका ट्रेहॅलेज या एंझाइमाच्या साहाय्याने ट्रेहॅलोजचे ग्लुकोजात रूपांतर करते. यातून तिला पहिली ऊर्जा मिळते. शिवाय अडथळाही दूर होतो. कारण जी ट्रेहॅलोज कोरडेपणात प्रथिनांना जखडून वाचविते, तीच नंतर बिघडलेल्या प्रथिनांची घडी पुन्हा नीट बसण्याच्या आड येते, असे १९९८ मध्ये दाखविण्यात आले. काही मिनिटांत किण्वन सुरू होते. नव्या कलिका मात्र दुरुस्ती पुरी झाल्यावरच येतात.

वाणांचे जतन : उद्योगातील व संशोधनातील यीस्टची वाणे सतत वाढवीत राहिल्यास त्यांत पिढ्यान्‌पिढ्या बदल होत जातात व मूळ गुण हरवण्याचा धोका असतो. म्हणून ती सुप्तावस्थेत जतन करणे आवश्यक असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (उद्‌घाटन १९५०) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह असून त्यात यीस्टची अनेक वाणे आहेत. अशा संग्रहांत गोठण-शुष्कन ही पद्धत रूढ आहे. संरक्षक द्रव्यात (उदा., मलईविरहित दुधात) मिसळलेल्या कोशिका गोठवून निर्वातात त्यांतील बर्फाची सरळ वाफ करतात व काचेच्या कुपी वितळवून बंद करतात. या पद्धतीत यीस्टच्या जिवंत राहणाऱ्या कोशिकांचे प्रमाण जीवाणूंच्या मानाने कमी असते; परंतु वाण पुन्हा वाढविण्यास थोड्या कोशिकाही पुरतात. द्रव नायट्रोजनात गोठवून ठेवणे हा दुसरा मार्ग आहे. मांजरी (पुणे) येथील वसंतदादा साखर संस्थेत (स्थापना १९७५, डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने) मळीपासून अल्कोहॉल बनविणाऱ्या आसवन्यांसाठी उपयुक्त यीस्टवर काम होते. इंधनात मिसळण्यासाठी लागणाऱ्या एथिल अल्कोहॉलाची मागणी वाढल्यापासून अशा वाणांचे महत्त्वही वाढले आहे.

महत्त्व : कोरड्या यीस्टचा अभ्यास पाव व मद्य यांच्यापुरता मर्यादित नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बूलार यांनी १९२३ मध्ये इंडोचायनातील फळांपासून वेगळे केलेले एक यीस्ट अतिसारावर पूरक औषध म्हणून सुकविलेल्या स्वरूपात दिले जाते. ट्रेहॅलोज व अन्य शर्करा वापरून लशी, प्रतिपिंडे व एंझाइमे कोरड्या स्वरूपात टिकविण्याची तंत्रे याच तत्त्वांवर आधारलेली आहेत. जेथे वीज खात्रीची नसते व शीतसाखळी (उत्पादनापासून वापरापर्यंत वस्तू थंड ठेवण्याची व्यवस्था) तुटण्याची शक्यता असते, तेथे औषध कोरडे राहूनही गुणकारी राहणे हा रुग्णाच्या जीविताचा प्रश्न असतो. मानवी कोशिकांत ही सहनशीलता नसते. रक्तबिंबिका सुकवून साठविता याव्यात यासाठी त्यांत ट्रेहॅलोज भरण्याचे प्रयोग झाले आहेत. तथापि केंद्रकयुक्त मानवी कोशिका सुकवून पुन्हा पूर्ण कार्यक्षम करणे अजून साधलेले नाही. यीस्टची कोशिकाही केंद्रकयुक्त असल्यामुळे, ती हे कसे साधते याचा अभ्यास या दिशेने विशेष उपयुक्त मानला जातो.